'आजोबा बोटीवर होते' म्हणजे नेमके काय होते?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी कुठं चुकीचं समजलो असेन तर तुम्हाला सांगता येईल. आजोबा सोलापूरचे, गिरणीत कामाला. तिथलं काम सुटल्यावर १९६० च्या सुमारास मुंबईला गेले, पुढची वीसेक वर्षं "बोटीवर होते", मग परत आले आणि त्या वीस वर्षांबद्दल घरात कधी धड बोलले नाहीत. आता जुनं घर उतरवताना पत्र्याच्या ट्रंकेत तीन वस्तू निघाल्या: शिशाचा लांबट जड ठोकळा, बांबूची चपटी सुई आणि एक वही. वहीत "१२ वाव गाळ. खां. दि. उ. ९ ला सोडलं १२ ला काढलं. को. ४ टो." अशा ओळी आहेत. आजोबा काय काम करायचे आणि त्यांच्या नावाची कुठं सरकारी नोंद मिळेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी इंजिनवाला माणूस. सोलापुरातच आयटीआय केलं आणि १९८३ ला रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात फिटर म्हणून गेलो. पुढं ससून डॉकच्या बोटींवर ड्रायव्हर झालो. बोटीचं इंजिन सांभाळणाऱ्याला तिकडं ड्रायव्हर म्हणतात, सुकाणू धरणाऱ्याला नाही. २०११ ला गुडघे आणि कान दोन्ही गेल्यावर परत आलो. तेव्हा तुमच्या आजोबांचा काळ मी पाहिलेला नाही, पण त्यांच्या वयाच्या माणसांच्या हाताखाली काम केलंय. खाली जे लिहितोय त्यातलं काही पक्कं आहे, काही अंदाज आहे, आणि कुठलं काय ते त्या त्या ठिकाणी सांगतो.

आधी एक गोष्ट. "बोटीवर होते" हे उत्तर घरोघरी देतात, पण त्याला तसा काही अर्थ नाही. "गिरणीत होते" म्हटल्यावर आपल्याकडं लगेच विचारतात, कुठल्या खात्यात? साच्यावर म्हणजे मागावर, कांडीवर की रंगखात्यात? बोटीवरही तशीच खाती असतात. मालवाहू जहाजावर खलाशी, मासेमारीच्या बोटीवर खलाशी आणि सरकारी जहाजावर खलाशी, ही तीन वेगळी आयुष्यं आहेत. पगार वेगळा, कागद वेगळे, म्हातारपण वेगळं. तुम्ही नोंद कुठं मिळेल हे विचारताय, पण यातलं कुठलं आयुष्य होतं ते ठरल्याशिवाय नोंद शोधायला निघालात तर नुसते हेलपाटे होतील.

मालवाहू जहाजावर असते तर सीडीसी असतं. खलाशाचं ओळखपुस्तक असतं ते, जुने लोक त्याला "नल्ली" म्हणायचे. प्रत्येक सफर त्यात नोंदलेली असते आणि माणूस ते जिवापाड जपतो. ट्रंकेत शिसं जपून ठेवणाऱ्यानं नल्ली फेकली असेल हे पटत नाही. सरकारी जहाजाचीही शक्यता होती. खोल समुद्रातल्या मासेमारीची पाहणी करायला सरकारनं १९४६ मध्ये मुंबईत केंद्र काढलं, आज त्याला भारतीय मत्स्य सर्वेक्षण म्हणतात. त्या जहाजांवर कायम नोकरीतले लोक असायचे, त्यांना पेन्शन बसायची. तुम्ही लिहिलंय की आजीला कधी पेन्शन आली नाही. राहिली खासगी मासेमारीची बोट. वहीही तेच सांगते.

आता वहीकडं येतो, कारण तिन्ही वस्तूंत बोलकी तीच आहे.

वाव म्हणजे दोन्ही हात फैलावल्यावर एका हाताच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर, सहा फूट. आपल्याकडं विहीर परसात, म्हणजे पुरुषभर उंचीच्या मापात मोजतात, तिकडं दर्या वावात. दोरी ओढून घेताना माणूस दोन्ही हात पसरतो, तो एक पसारा म्हणजे एक वाव. १२ वाव म्हणजे बावीस मीटर. "सोडलं" आणि "काढलं" यांच्यामध्ये दरवेळी अडीच-तीन तास आहेत, हे सगळ्यात महत्त्वाचं. तीन तास जाळं सोडून ते इंजिनाच्या जोरावर तळावरून ओढत नेतात आणि मग विंचनं, म्हणजे वायर गुंडाळणाऱ्या यंत्रानं वर घेतात, म्हणजे हे ट्रॉलिंग. "को. ४ टो." म्हणजे कोळंबी चार टोपल्या. "ढो." म्हणजे ढोमी, "ले." म्हणजे लेप, हे दोन मासे. त्या वर्षांत कोळंबीला परदेशी भाव मिळायला लागला होता, म्हणून कोळंबी मोजून लिहिलीय आणि बाकीच्यापुढं नुसतं "बरी" किंवा "थोडी" आहे.

तुलनेसाठी सांगतो. आजोबा डोलीच्या होडीवर असते, म्हणजे प्रवाहात रोवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यावर, तर वहीत घड्याळ दिसलंच नसतं. तिथं तिथी दिसल्या असत्या. डोलीचं सगळं गणित भरती-ओहोटीवर चालतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटी. किनाऱ्यावरचं पोरगंही सांगेल की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. तुमच्या वहीत एकही तिथी नाही, सगळे आकडे घड्याळाचे. यात मला थोडा गिरणीचा भोंगाही ऐकू येतो. सोलापुरात १८७७ पासून गिरणीचा भोंगा वाजायचा, आणि त्यावर वाढलेला माणूस "सूर्य वर आल्यावर" असं लिहीत नाही, "९ ला" असंच लिहितो.

आता तुमच्या काकांना कोड्यात टाकणारं "खां. दि. उ." काकांनी त्याचा अर्थ "खान यास दिले, उधार" असा लावला आणि आजोबांवर पठाणाचं कर्ज होतं असं घरात पसरलं. कर्ज असेलही, मला माहीत नाही, पण ते या वहीत नाही. खां. दि. म्हणजे खांदेरीचा दिवा. अलिबागजवळ थळच्या समोर समुद्रात खांदेरीचा किल्ला आहे, त्यावर १८६७ सालचं दीपगृह आहे. "उ." म्हणजे उगवतीला. तो दिवा उगवतीला दिसतोय, याचा अर्थ बोट त्याच्या मावळतीला, खुल्या समुद्रात आहे. "उ." म्हणजे उत्तर असं कुणी म्हणेल. तेही अशक्य नाही, पण दर्यावरची जुनी माणसं उगवत-मावळत अशीच बोलायची. शिवाय तुम्ही उतरवून पाठवलेल्या ओळींत हा दिवा मावळतीला असल्याचं एकदाही लिहिलेलं नाही. नसणारच. दिवा मावळतीला असेल तर बोट खांदेरी आणि थळ यांच्या मधल्या चिंचोळ्या उथळ पट्ट्यात असायला हवी, आणि तिथं ट्रॉल ओढायला कुणी जात नाही.

आणखी एक पाहा. खां. दि. च्या सगळ्या ओळी ११ ते १३ वावांच्या आहेत. १८ आणि २२ वावांच्या ओळींत दिवा नाही. किनाऱ्यापासून तितकं दूर खोल समुद्रात गेल्यावर दिवा पाण्याआड जातो. ज्यानं ही वही लिहिली त्यानं ऐकीव लिहिलेलं नाही, रात्री बोटीवर उभं राहून डोळ्यांनी पाहिलंय. "बा. ३. धक्का." या ओळीत मासळीचा उल्लेख नाही म्हणून तुम्ही ती चुकीची समजलात. ती चुकीची नाही. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला, वादळाची सूचना आली, बोट धक्क्यालाच राहिली. म्हणजे त्या दिवशी कमाई शून्य.

आता शिसं. फोटोत ते वर निमुळतं, टोकाला दोरीसाठी भोक आणि बुडाला वाटीसारखी खाच असं दिसतंय. वजन तुम्ही तीन किलोच्या वर सांगितलंय. जाळ्याला लावायची शिशं छोटी, नळीसारखी, आरपार भोकाची असतात. हे तसलं नाही, हे खोली मोजायचं शिसं आहे. बोटीच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला उभं राहायचं, चालत्या बोटीतून ते पुढं भिरकावायचं, दोरी हातातून सोडायची आणि बोट त्याच्या डोक्यावर येईपर्यंत ते तळाला टेकलं पाहिजे. टेकलं की हाताला कळतं. मग ओढत ओढत वाव मोजून ओरडायचं.

बुडाची खाच चरबी, साबण किंवा ग्रीस भरण्यासाठी असते. तळाला टेकल्यावर तिथलं जे असेल ते त्या चरबीला चिकटून येतं. काळा गाळ आला तर तिथं कोळंबीची आशा. वाळू आली तर वेगळी मासळी. काहीच चिकटलं नाही आणि चरबीवर खोच पडली तर खाली खडक आहे, जाळं सोडायचं नाही. मी ज्या तांडेलाच्या, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याच्या बोटीवर पहिल्यांदा गेलो त्यांना मी हे करताना पाहिलंय. बोटीवर तोवर खोली दाखवणारं यंत्र बसलं होतं, पण त्यांचा त्या काचेवर विश्वास नव्हता. शिसं वर आलं की अंगठ्यानं चरबीवरचा गाळ पुसायचे, बोटात चोळायचे, एकदा हुंगायचे आणि मग सुकाणूवाल्याला हातानं खूण करायचे. मी तेव्हा वीस-बावीसचा, मला हसू यायचं. यंत्र बंद पडून आठ दिवस त्या अंगठ्यावर मासेमारी झाली तेव्हा हसू गेलं.

हे काम आता कुणी करत नाही. तळाचं चित्र पडद्यावर येतं, बोटीची जागा उपग्रहावरून कळते, मासळी कुठल्या पट्ट्यात असेल याचा अंदाज हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून मोबाइलवर येतो. कुणाला काढून टाकलं, संप झाला, गेट बंद झालं, असं काही घडलं नाही. नाळेवरच्या माणसाला एक दिवस सांगितलं की आता राहू दे, तू जाळ्याकडं ये, आणि ते काम संपलं.

सुईबद्दल थोडक्यात. ती जाळं विणायची आणि मुख्यतः शिवायची सुई आहे. सुई जाळ्याच्या डोळ्यातून जायला हवी, त्यामुळं तिची रुंदी डोळ्यापेक्षा कमीच असते. तुमची सुई अंगठ्यापेक्षा बारीक आहे, म्हणजे बारीक डोळ्याचं जाळं, कोळंबीच्या ट्रॉलशी जुळतं. तिच्यावर गुंडाळलेल्या धाग्याचं बोटभर टोक कापून काडी लावून बघा. सोलापूरकराला हे शिकवायला नको. सूत असेल तर जळून राख होईल, नायलॉन असेल तर वितळून मणी होईल. माझा अंदाज नायलॉनचा आहे. सूत किंवा ताग निघाला तर मला जरूर कळवा, कारण मग ती सुई आजोबांच्या आधीच्या कुणाची तरी असणार.

त्या आधीच्या जगाबद्दलही विचारलंय म्हणून सांगतो. पूर्वी जाळी तागाची आणि सुताची असायची. किनाऱ्यावरच्या बायका आणि म्हातारी माणसं बसून तो दोर वळायची. ओल्यानं कुजू नये म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात जाळी बुडवत, त्यासाठी भल्यामोठ्या हंड्यांखाली जाळ लावत. साली आणून विकणारे वेगळे, रंगवणारे वेगळे. होडीच्या फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकणारे असायचे. शिडं शिवणारे असायचे. मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या काळजाचं तेल काढणारे असायचे. दुसऱ्या महायुद्धात परदेशातून कॉड माशाचं तेल येणं थांबलं, तेव्हा मुंबई सरकारनं मुशीच्या तेलाचा कारखानाच काढला होता. युद्धानंतर अ जीवनसत्त्व कारखान्यात बनायला लागलं आणि त्या तेलाचे दिवस गेले. नायलॉन आलं, दोर वळणारी आणि साली विकणारी माणसं घरी बसली. इंजिन आलं, शिडं गेली. फायबरच्या होड्या आल्या, कापूस ठोकणारे गेले. तुमचे आजोबा दर्यावर गेले तेव्हा यातली पहिली मंडळी जात होती. ते स्वतः पुढच्या खेपेतले.

आता आयुष्य कसं होतं ते. यावर मोठमोठ्या शब्दांत लिहिणारे खूप आहेत, मी साधं लिहितो.

पहिला त्रास झोपेचा. तीन तासांनी जाळं काढायचं, मासळी निवडायची, बर्फात भरायची, जाळं परत सोडायचं, फाटलं असेल तर सोडण्याआधी शिवायचं. एक ओढ संपेपर्यंत दुसरीची वेळ होते. मधे दीड तास मिळाला तर नशीब. असं आठ-दहा दिवस. माणूस उभ्या उभ्या झोपतो हे मी आरामखुर्चीत बसून सांगत नाही, विंचच्या शेजारी उभा असताना मला स्वतःला डुलकी लागलीय. विंचवर वायर गुंडाळत असते, तिच्यात बाही अडकली तर हात जातो.

दुसरा त्रास हातांचा. शिंगाळ्याचे काटे, पाकटाची नांगी, खेकड्यांच्या नांग्या, जाळ्यात आलेले समुद्रसाप, आणि या सगळ्यावर खारं पाणी. जखम भरतच नाही. गोडं पाणी पिण्यापुरतं, अंघोळ दर्याच्या पाण्याची. अंगाला मिठाचा थर बसतो आणि तो घामानं परत परत ओला होतो.

तिसरा त्रास कानांचा. तुम्ही लिहिलंय की आजोबांना कमी ऐकू यायचं आणि घरात सगळे साच्यांना दोष द्यायचे. साच्यांनी कान जातातच, ते मी नाकारत नाही. पण इंजिनच्या डोक्यावरच्या फळीवर रोज झोपणाऱ्याचेही जातात, माझे गेलेत. दोन्हींपैकी काय ते आता सांगता येणार नाही.

चौथा त्रास लोक सांगत नाहीत, तो खणाचा. खण म्हणजे बोटीच्या पोटातली बर्फ-मासळी भरायची जागा. पावसाळ्यात बोट महिनोन्महिने बंद राहते, तळात मासळीचं घाण पाणी साचलेलं असतं, त्यातून विषारी वायू होतो. एका हंगामाच्या सुरुवातीला आमच्या बोटीचा खण उघडला आणि एक पोरगं साफ करायला खाली उतरलं. आवाज बंद. त्याला काय झालं बघायला दुसरा उतरला, तोही आडवा. तिसरा पाय टाकत होता, त्याला मी कमरेला धरून ओढला, त्यानं मला शिव्या घातल्या. दोर बांधून दोघांना काढेस्तोवर वेळ गेला. दुसरा वाचला. पहिला नाही. खण उघडा ठेवून वारा खेळू द्यायचा, मगच उतरायचं, हे मला माहीत होतं. मी त्या वेळी इंजिनपाशी होतो आणि ओरडून सांगितलं नाही. पोराच्या घरच्यांना जे मिळालं ते लिहिण्यासारखं नाही. आज नोंदणी झालेल्या मच्छीमाराला अपघाती मृत्यूसाठी पाच लाखांचा विमा आहे, तेव्हा आमच्या बोटीवर कुणाची नोंदणीच नव्हती.

पैशाचं म्हणाल तर ते बंदरागणिक आणि मालकागणिक बदलायचं, त्यामुळं आजोबांना किती मिळत असेल हे मी सांगणार नाही. पद्धत मात्र सांगतो. आधी उचल. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीला जशी मुकादम उचल देतो तशीच, आपल्या जिल्ह्यात ती समजावून सांगायला नको. मग फेरीचे पैसे आले की डिझेल, बर्फ आणि रेशन वजा. मग बोटीचा आणि जाळ्याचा वाटा मालकाला. उरलेल्याचे खलाशांत वाटे, तांडेलाचा मोठा. मासळी लागली नाही तर उचल तशीच अंगावर राहते आणि पुढच्या हंगामाला त्याच बोटीवर जावं लागतं. आजोबा वीस वर्षं एकाच मालकाकडं होते असं आजी सांगत असेल, तर ते इमानदारीनं होते की उचलीनं, हे दोन्ही मनात ठेवा.

आजीच्या एका वाक्यावर मी जरा थांबलो. "हस्ताच्या पेरणीला कधी घरी नव्हते." घरात याचा राग आहे असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. कोकणातला खलाशी पावसाळ्यात घरी असतो, कारण दर्या बंद असतो आणि नेमकी तेव्हाच त्याची भातलावणी असते. त्याचं दोन्ही जमतं. आपली सोलापूरची शेती रब्बीची. शाळू पेरायचा सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि नारळी पौर्णिमेनंतरचे तेच महिने बोटीच्या चांगल्या कमाईचे. जून-जुलैत आजोबा घरी असतील तेव्हा शेतात करायला फारसं काही नसणार, आणि तिफण जुंपायची वेळ आली की ते खांदेरीसमोर. तिकडच्या हंगामावर इकडची पेरणी कधीच बसली नसती.

तर इथवरचं एका दमात सांगायचं झालं तर असं: खासगी मासेमारी बोट, ट्रॉलर, मुंबईच्या धक्क्यावरून अलिबागच्या समोरचा आणि त्याच्याही आतला समुद्र, मुख्य माल कोळंबी. इतकं मी खात्रीनं म्हणेन. पुढचं अंदाजाचं.

प्रश्न उरतो की खलाशानं अशी वही का ठेवली? तांडेल लोक जागा लिहून ठेवत नसत. कुठं गाळ, कुठं खडक, कुठं बुडालेल्या बोटीचा सांगाडा, हे डोक्यात. लिहिलं की चोरीला जातं. म्हणून दोन शक्यता दिसतात. एक, तांडेल म्हातारा होता, लिहिता-वाचता नव्हता, आणि गिरणीतून आलेला हा घड्याळ कळणारा माणूस त्याला भरवशाचा वाटला. दुसरी, आजोबा स्वतः तांडेल व्हायचं शिकत होते आणि गुपचूप लिहीत होते. वही इतकी छोटी की बनियनच्या खिशात बसेल, आणि माशांची, दिव्याची नावं तोडून लिहिलेली. मला दुसरी शक्यता जास्त वाटते, पण पैज लावणार नाही. दोन्हींत एक मात्र समान: नाळेवर शिसं टाकणारा हात त्यांचाच असणार. ते शिसं मालकाचं असायचं, कुणी उगाच घरी आणत नाही.

आता नोंदीचं. सरळ सांगतो, त्या काळातल्या मासेमारी बोटीच्या खलाशाची नोंद मिळण्याची आशा फार कमी. नोंद बोटीची आणि मालकाची व्हायची. खलाशांची ओळखपत्रं, बायोमेट्रिक कार्डं ही भानगड नेटानं सुरू झाली ती २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर, कारण हल्लेखोर पळवलेल्या मासेमारी बोटीतूनच आले होते. त्यामुळं कार्यालयांत खेटे घालण्याआधी वही पूर्ण वाचा. कुठं बोटीचं नाव किंवा क्रमांक सापडला तर मच्छीमार सहकारी संस्थेच्या जुन्या दप्तरात मालकाचं नाव लागू शकतं, आणि मालकाच्या घरी एखादा म्हातारा अजून असू शकतो.

वहीत जून, जुलै आणि ऑगस्टची पानं आहेत का ते आधी बघा. पावसाळ्यातल्या बंदीचा राज्याचा कायदा १९८१ चा, पण त्याच्या कितीतरी आधीपासून नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून ठेवायची रीत होती. ते महिने कोरे असतील तर माझं वरचं सगळं जुळतं. भर पावसाळ्यातल्या नोंदी निघाल्या तर मात्र बोट मोठी, पोलादी असण्याची शक्यता वाढते, आणि मग मला परत विचार करावा लागेल. ती पानं निघाली तर फोटो पाठवा. "अड." असं कुठं लिहिलंय का तेही बघा. अड. म्हणजे जाळं अडकलं. ज्या माणसानं अडकण्याच्या जागा लिहून ठेवल्यात तो नुसता खलाशी राहायला तयार नव्हता असं मी समजेन.

आणि शिशाबद्दल एक विनंती. ते रॉकेलनं किंवा राखेनं घासून चकचकीत करू नका. मी तोच मूर्खपणा केलाय. एका जुन्या तांडेलानं मला दिलेलं शिसं मी दिवाळीत पितळी समयांबरोबर घासलं, आता त्याच्याकडं बघून काही कळत नाही. हात लावल्यावर साबणानं हात धुवा, पोरांना खेळायला देऊ नका, शिसं विषारी असतं. बुडाच्या खाचेत काळपट, मेणासारखं काहीतरी घट्ट बसलंय असं फोटोत दिसतंय. ते खरवडू नका. भिंग घेऊन उन्हात धरा आणि त्यात बारीक वाळू, शिंपल्याचा चुरा किंवा नुसता गाळ काय आहे ते बघा. शेवटच्या वेळी नाळेवरून ते टाकलं, तेव्हाचा तळ आहे तो.